पिवळं फडकं

आई गेल्याला आता सात महिने झाले. ती असताना हे लिहिणं शक्य नव्हतं. मी लिहिलेलं काहीही हाती आलं की ती चष्मा पदराला पुसून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची आणि वाचून झाल्यावर काही बोलायची नाही. तिच्यापासून मी आयुष्यात एकच मोठी गोष्ट लपवली. ती लपली आहे असं मी दोन वर्षं धरून चाललो होतो.

आम्ही जपानात, कावासाकीला राहतो. स्टेशनपासून पंधरा मिनिटं चाललं की नदीच्या बांधाअलीकडे चार मजली जुन्या इमारतींची वसाहत लागते. लिफ्ट नाही. बायको तोयोसुला एका आयटी कंपनीत आहे, ती सातलाच घर सोडते. मी घरी बसून जपानी यंत्रांची माहितीपत्रकं इंग्रजीत आणतो. आमच्या जिन्यावर दिवसभर घरात असणारी माणसं दोनच होती: पहिल्या मजल्यावर मी, आणि बरोबर माझ्या टेबलाखाली, तळमजल्यावर, एक आजी.

आजी पंच्याऐंशीच्या पुढच्या. नवरा जाऊन कित्येक वर्षं झालेली, एकुलता एक मुलगा ओसाकाला. त्यांच्या दाराशेजारी, पाटीच्या खाली, भिंतीत एक लोखंडी कडी होती. रोज सकाळी आठच्या आत त्या कडीत त्या हातभर लांबीची एक काठी खोचत. काठीला मोठ्या रुमालाएवढं पिवळं फडकं बांधलेलं असे. संध्याकाळी पाचला मुलांना घरी बोलावणारी एक धून वसाहतीच्या भोंग्यांवर वाजते. ती वाजली की आजी काठी काढून आत घेत. फडकं सकाळी लागलं म्हणजे रात्र निभावली. संध्याकाळी आत गेलं म्हणजे दिवस निभावला.

एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी वॉर्डाने चालवलेल्या योजनेतलं ते फडकं होतं. योजना का काढावी लागली ते आमच्या वसाहतीत कोणाला विचारावं लागत नसे. आम्ही राहायला येण्याआधी मागच्या इमारतीत एक गृहस्थ घरात मरून पडलेले सापडले होते. किती दिवसांनी सापडले ते कोणी सांगत नाही. त्या घराच्या काचांना आतून चिकटवलेला कागद अजून तसाच आहे. तिथून जाताना लोक चालण्याचा वेग वाढवतात, मीही वाढवतो.

आमच्या भागाचं बघायला वॉर्डाने एक बाई नेमल्या होत्या. स्वतः सत्तरीच्या, पगार न घेणाऱ्या, सायकलवरून येणाऱ्या. नव्या बाळाच्या घरी जाऊन यायचं, एकट्या आईला कोणता अर्ज कोणत्या खिडकीत द्यायचा ते समजावायचं, आणि म्हाताऱ्यांची फडकी बघायची, अशी त्यांची कामं. एका सकाळी त्या माझ्याकडे एक छापील तक्ता घेऊन आल्या. तुम्ही घरीच असता, म्हणाल्या, तर या जिन्याचं तुम्ही बघाल का? आठला फडकं दिसलं की गोल काढायचा. नऊपर्यंत दिसलं नाही तर त्यांना फोन करायचा. नाहीतरी मी रोज आठच्या सुमाराला कचरा टाकायला खाली जातच होतो. मी हो म्हटलं.

जाताना त्यांनी दोन गोष्टी बजावल्या. फडकं आपण लावायचं नाही आणि आपण काढायचं नाही. वाऱ्याने पडलं तरी उचलायचं नाही, फोन करायचा. मला हसू आलं. त्या हसल्या नाहीत.

आजींशी माझी ओळख झाली ती त्यानंतर. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगून टाकलं, "हे लागतंय तोवर मी इथे." मुलाला त्यांना ओसाकाजवळच्या एका वृद्धाश्रमात ठेवायचं होतं. शेवटी ठरलं ते असं, की फडकं वेळेवर लागत राहील तोवर आईने आपल्या घरी राहावं. आजींची एक मैत्रीण तशाच आश्रमात होती. आजी तिला एकदा भेटून आल्या होत्या. तिथे सकाळी तुम्हाला उठवतात, त्या म्हणाल्या. मला उठवलेलं नको, मला उठायचंय.

त्या वर्षी ऑक्टोबरात आई आली. नव्वद दिवसांचा व्हिसा. बाबा गेल्यापासून ती चिंचवडला दोन खोल्यांत एकटी राहत होती. तिला कायमचं इथे आणता येईल का म्हणून मी सरकारी कागद पुष्कळ वाचले होते आणि येणार नाही हे मला माहीत झालं होतं. तिने कधी विचारलं नाही. नव्वद दिवस, एवढंच ती मोजत होती.

तिला माझ्या तक्त्याची गंमत वाटे. फोनवर मावशीला सांगताना मी ऐकलं, "सून ऑफिसला जाते आणि आमचे चिरंजीव घरी बसून लोकांची फडकी मोजतात." शाळेत जाणाऱ्या पोरांच्या पिवळ्या टोप्या तिने पाहिल्या तेव्हा मला विचारलं, इथे लहानांना आणि म्हाताऱ्यांना एकच रंग का? मी म्हटलं, लांबून दिसावा म्हणून. तिने मान हलवली. पुढे काही विचारलं असतं तर बरं झालं असतं असं आता वाटतं.

सहाला उठून ती बांधावर फिरायला जायची आणि सव्वासातच्या सुमाराला परतायची. नेमक्या त्याच वेळी आजी काठी घेऊन दारात आलेल्या असत. एकीला मराठीखेरीज थोडं हिंदी येई, दुसरीला जपानीखेरीज काही नाही. आई नमस्कार करायची, आजी कमरेत वाकायच्या. मग दोघी एकमेकींच्या गुडघ्यांकडे बोट दाखवून हसायच्या. आईने एकदा वाटीतून बेसनाचा लाडू नेऊन दिला. दुसऱ्या दिवशी वाटी परत आली ती धुऊन, पुसून, आत एक सोललेलं पर्सिमनचं फळ घालून. रिकामी वाटी परत द्यायची नाही हे यांनाही कळतं, आई म्हणाली. त्या दिवसापासून आजी तिच्या लेखी आपल्यातल्या झाल्या.

आईचा एक नियम होता. दुसऱ्याचं राहिलेलं काम दिसलं तर करून टाकावं आणि केल्याचं बोलू नये. चिंचवडला समोरच्यांच्या दुधाच्या पिशव्या दारात राहिल्या तर त्या तिच्या फ्रिजमध्ये जात. पाऊस आला की तिसऱ्या मजल्यावरच्यांच्या चादरी घड्या होऊन त्यांच्या कठड्यावर. कोणी विचारलं तर ती म्हणायची, काय की, वाळल्या असतील. बोललं की उपकार होतो, असं तिचं म्हणणं. लहानपणी मला या नियमाचा अभिमान वाटे.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला एका सकाळी कडी रिकामी दिसली. आठला नव्हतं, साडेआठला नव्हतं. नऊला मी फोन केला. दहा मिनिटांत त्या बाई सायकलवरून आल्या, वसाहतीचे प्रमुख जादाची किल्ली घेऊन आले, पाठोपाठ रुग्णवाहिका. दार उघडलं तर आजी आतून दाराकडेच येत होत्या. सर्दीचं औषध घेऊन झोपल्या होत्या, जागच आली नव्हती. झोपण्याचे कपडे, पांढरे केस सुटलेले. त्या अवस्थेत त्या प्रत्येकापुढे वाकून माफी मागत राहिल्या, स्ट्रेचर धरलेल्या दोघांचीसुद्धा. मग बाईंनी आपला फोन त्यांच्या कानाला लावला. ओसाकाहून मुलगा बोलत होता. आजी नुसतं हो, हो म्हणत होत्या.

सगळे गेल्यावर दाराची चौकट धरून त्या मला म्हणाल्या, मुलाने शेवटचं सांगितलंय, आता पुन्हा असं झालं तर तो येऊन घेऊन जाणार. आई भाजीची पिशवी घेऊन माझ्यामागे जिन्यात उभी होती.

"काय म्हणतायत रे?"

मी म्हटलं, "फडकं लावायचं राहिलं आज. पुन्हा राहिलं तर मुलगा त्यांना वृद्धाश्रमात नेणार."

"एवढ्याशा फडक्यासाठी?"

"नियम आहे इथला."

यातला प्रत्येक शब्द खरा होता. मी गाळलं ते इतकंच, की नियम कशासाठी आहे. एकटी माणसं घरात पडतात, मरतात, आणि कोणाला कळत नाही. ते कळावं म्हणून ते फडकं आहे, हे वाक्य मला आईपुढे उच्चारता आलं नाही. दोन महिन्यांनी तिला मीच विमानात बसवून त्या दोन खोल्यांत पाठवणार होतो. गाळणं हे आमच्या कामात सगळ्यांत मोठं पाप. यंत्राच्या माहितीपत्रकातली धोक्याची सूचना गाळली तर कुणाचा तरी हात जातो. हे मी नव्या भाषांतरकारांना शिकवत आलो आहे.

त्या सकाळनंतर आजींनी एक बदल केला. संध्याकाळी काठी आत नेण्याऐवजी त्या ती दाराबाहेरच्या छत्र्यांच्या कुंडीत, फडकं गुंडाळून, उभी करून ठेवू लागल्या. सकाळी कपडे बदलायच्या आधीच दार किलकिलं करून नुसता हात बाहेर काढला की काम व्हावं, अशी सोय. नियमात ते बसत नव्हतं. मला दिसलं होतं. मी बोललो नाही.

दोन आठवडे फडकं रोज वेळेवर लागलं.

मग थंडी एकदम उतरली. तो बुधवार होता. आठला मी कचरा घेऊन खाली गेलो, फडकं होतं, वर येऊन गोल काढला. दहाच्या सुमाराला टेबलाशी बसलो असताना खालून आवाज आला. टक्. मग टक् टक्. थोडा वेळ काही नाही, मग पुन्हा. आई माझ्या मागे जमिनीवर बसून लसूण सोलत होती.

"खाली काहीतरी ठोकतंय."

"पाईप असेल," मी म्हटलं. थंडी पडली की गरम पाण्याचे पाईप वाजतात.

तरी दुपारी टपाल बघायला गेलो तेव्हा मी आजींच्या दारापाशी क्षणभर थांबलो. फडकं कडीत होतं, स्वच्छ, नीट सोडलेलं. मी बेल वाजवली नाही. फडकं होतं ना. पाचची धून वाजल्यावर थोड्या वेळाने, वसाहतीबाहेरच्या कोम्बिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात, दूध आणायला जाताना, काठी कुंडीत गेलेली दिसली. सगळं जिथल्या तिथे.

गुरुवारी तेच. आठला फडकं, गोल. आवाज आदल्या दिवशीपेक्षा बारीक आणि फार अंतराने. एका माहितीपत्रकाची मुदत होती, मी हेडफोन लावले. संध्याकाळी काठी कुंडीत.

शुक्रवारी आठला फडकं, गोल. अकराच्या सुमाराला आई चहा घेऊन आली आणि क्षणभर उभी राहिली.

"आज गप्प आहे तुझा पाईप," ती म्हणाली.

मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी वॉर्डातर्फे आजींना जेवणाचा डबा यायचा. डबा दारात ठेवून जायचं नाही, माणसाच्या हातातच द्यायचा, हाही त्या योजनेतला नियम. डबेवाल्याने बेल वाजवली, थांबला, पुन्हा वाजवली, आणि फोन केला. सायरन ऐकून मी खाली पोचलो तेव्हा दार उघडलेलं होतं.

आजी स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्यामधल्या अरुंद जागेत पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं होतं. बुधवारी पहाटे पडल्या असाव्यात असं पुढे डॉक्टर म्हणाले. चहाची अर्धी बाटली हाताला लागली होती म्हणून तगल्या. उजव्या हातात लाकडी डाव होता, तो त्यांनी सोडला नव्हता. भिंतीलगतच्या पाईपवरचा पांढरा रंग जमिनीपासून वीतभर उंचीवर टवके उडून गेला होता.

स्ट्रेचरवरून बाहेर आणताना त्यांचे डोळे उघडे होते. त्यांनी मला ओळखलं. मग त्यांची नजर माझ्यावरून सरकून कडीकडे गेली, फडक्यावर थांबली. ते त्यांनी लावलेलं नव्हतं. ते कसं लागलं हे त्यांना कळत नव्हतं, आणि मला तेव्हा कळलं.

मी वर गेलो. आई ओट्याशी उभी होती. गॅस बंद होता.

"पडल्या," मी म्हटलं. "हॉस्पिटलला नेलंय."

"कधी पडल्या?"

"आज सकाळी."

ती माझ्याकडे वळली.

"सकाळी फडकं मी लावलं रे. परवापासून मीच लावतेय. दार उघडेना, म्हटलं झोप लागते बिचारीची, उगाच त्या दिवसासारखी शोभा नको. संध्याकाळी काढूनही ठेवत होते." तिने हात पदराला पुसले, ते ओले नव्हते. "मग ठोकत कोण होतं?"

"पाईप, आई."

"आज पडल्या ना?"

"आज."

तिने पुन्हा विचारलं नाही. ना तेव्हा, ना नंतर कधी.

पाचच्या धुनेला त्या बाई तक्ता न्यायला आल्या. मी दार मागे ओढून घेऊन जिन्यात उभा राहिलो. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, तिन्ही दिवसांवर माझे गोल होते. त्या तक्त्याकडे बघत राहिल्या. मी म्हटलं, फडकं मी लावत होतो. विसरल्या असतील, पुन्हा त्रास नको, म्हणून.

"संध्याकाळी काढतही होतात?"

"हो."

त्यांनी मनात हिशेब केला. "पाच वेळा," त्या म्हणाल्या.

बस, एवढंच. रागावल्या असत्या तर मी काहीतरी बोललो असतो. त्यांनी पेन काढलं, माझ्या गोलांना हात लावला नाही, खाली समासात बारीक अक्षरांत एक ओळ लिहिली, तक्ता पिशवीत घातला आणि मला वाकून नमस्कार केला. पुढच्या महिन्यापासून आमच्या जिन्याच्या यादीत माझं नाव नव्हतं. रस्त्यात भेटल्या की त्या आजही पहिल्यासारखंच हसून थंडीबद्दल बोलतात.

आईचे सहा आठवडे उरले होते. तिने सकाळचं फिरणं बंद केलं. गुडघे दुखतात म्हणाली, मी थंडीला दोष दिला. खाली जायचंच असलं तर आजींच्या दारावरून जाताना ती समोरच्या भिंतीच्या बाजूने, कठडा सोडून, खाली बघत जायची. एकदा बायकोने तिला विचारलं, आई, तुम्ही इतक्या गप्प का? ती म्हणाली, काही नाही गं, घर आठवतंय.

आजी परत आल्या नाहीत. हॉस्पिटलातून मुलाने त्यांना थेट ओसाकाकडच्या आश्रमात हलवलं. डिसेंबरात तो घर रिकामं करायला आला. दोन दिवस खालून सामान सरकवल्याचा आवाज येत होता. त्या दोन दिवसांत आईने रेडिओ मोठा लावून ठेवला, जपानी बातम्या, ज्यातलं तिला एक अक्षर कळत नव्हतं. जाताना तो वर आला. मिठाईचं गुंडाळलेलं खोकं दोन्ही हातांनी पुढे करून तो खूप खाली वाकला. आईवर इतके दिवस लक्ष ठेवलंत, म्हणाला, तुमचे आभार कसे मानू. मला ते खोकं घेववेना. ते आईने घेतलं.

"काय म्हणाला?" तो गेल्यावर तिने विचारलं.

"आई आता बरी आहे म्हणाला. त्याच्याजवळच आहे."

"बरं झालं. मुलाजवळ गेली," ती म्हणाली. खोकं तिने देवाच्या फळीवर ठेवलं. ती चिंचवडला परत जाईपर्यंत ते तिथेच होतं. तिने ते उघडलं नाही, आम्हीही उघडलं नाही.

चिंचवडला गेल्यावर तिने फोनवर दोनदा विचारलं, त्या खालच्या आजी कशा आहेत? दोन्ही वेळा मी बऱ्या आहेत म्हटलं. पुढच्या डिसेंबरात ओसाकाहून करड्या किनारीचं एक कार्ड आलं. घरात मृत्यू झाला असेल तर लोक इथे वर्ष संपता संपता तसं कार्ड पाठवतात, यंदा आमच्याकडून नववर्षाच्या शुभेच्छा येणार नाहीत असं कळवायला. वसंतात आजी गेल्या होत्या. मी कार्ड शब्दकोशात ठेवलं. तोवर आईने त्यांची चौकशी करणं थांबवलं होतं, त्यामुळे निदान आणखी एकदा खोटं बोलावं लागलं नाही, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

खालच्या घरात आता एक तरुण जोडपं राहतं. कडी भिंतीत तशीच आहे. थंडीत पाईप खरोखरच वाजतात. पहिल्यांदा वाजले तेव्हा मी उठून खाली गेलो आणि त्या जोडप्याच्या दारात उभा राहिलो, काय विचारावं ते न सुचून.

आईचा फोन यायचा तो सकाळी, तिच्याकडे आठ वाजता. तीन मिनिटं. भाजी काय, थंडी किती. मला वाटायचं ती माझी खबर घेते. त्या दोन वर्षांत मी तिला एकदाही म्हटलं नाही की तू एकटी आहेस, पडलीस तर काय. ती म्हणाली नाही की मी एकटी आहे. तो विषय आमच्यामध्ये असा होता, की त्याच्या कडेने बोलायचं दोघांनाही सवयीचं झालं होतं.

गेल्या माघात एका सकाळी तिचा फोन आला नाही. त्याऐवजी समोरच्या फ्लॅटमधल्या मुलीचा आला. ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, साडेसातला निघते. काकू स्वयंपाकघरात पडल्यात, म्हणाली, शुद्धीवर आहेत, ॲम्ब्युलन्समधून बोलतेय. मी दुसऱ्या दिवशी पोचलो. मेंदूत रक्तस्राव झाला होता. डॉक्टरांनी आशा दिली नाही. पण आई दोन दिवस होती, आणि त्यातला बराच वेळ मला ओळखत होती. तोंड एका बाजूला ओढलेलं, शब्द जड झालेले. एकदा तिने माझा हात धरून म्हटलं, "वेळेवर आली रे पोरगी." मी म्हटलं, हो आई. आजारी माणूस शेजाऱ्यांचे उपकार आठवतं, तसं काहीतरी ते मला वाटलं.

तेरावं झालं. चौदाव्या दिवशी सकाळी मी घर बंद करून निघणार होतो. पाहुणे गेले होते. ती मुलगी दारात आली. तिच्या हातात आईचा रांगोळीचा पत्र्याचा छापा होता, गोपद्मांचा, कडेला गंजलेला. आई तो मीटरच्या पेटीवर ठेवायची, रोज सकाळी उंबऱ्याबाहेर एक चौकोन उठवायची, वर हळदीकुंकवाची चिमूट. सुतकात इतके दिवस उंबरा कोराच होता.

ती म्हणाली, दादा, तुम्हाला सांगू की नको असं झालं होतं. जपानहून आल्यावर दुसऱ्याच दिवशी काकूंनी तिला बोलावून घेतलं होतं. घराची एक किल्ली तिच्या हातात दिली. रोज सातच्या आत मी रांगोळी काढणार, म्हणाल्या. तू कामाला निघताना बघायचं. नसली तर बेल वाजवायची, दोनदा वाजवून उघडलं नाही तर कुलूप काढायचं.

"आणि एक गोष्ट शपथेवर सांगितली," ती म्हणाली. "मला वाटलं काय हे काकूंचं. म्हणाल्या, कधी राहिलेली दिसली ना, तर बिचारी विसरली असेल म्हणून तू काढून टाकू नकोस. माझ्या हातून तसं झालंय."

मी हातातलं कुलूप खाली ठेवलं. ती घाबरली असावी. काय झालं होतं तिथे, असं तिने विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. दोन वर्षं आई रोज आठला तीन मिनिटं बोलली, सात वाजता रांगोळी काढून झाल्यावर. तिला भीती घालायला नको म्हणून मी जे वाक्य गाळलं, ते तिने एकटीने, कोणाला न विचारता, पुरं करून घेतलं होतं आणि शेजारच्या मुलीला नीट, एकही शब्द न सोडता, समजावून दिलं होतं. त्यामुळे मला दोन दिवस मिळाले. आजींचे तसेच दोन दिवस मात्र, पाच वेळा लावलेल्या-काढलेल्या त्या फडक्यामागे, जमिनीवर गेले होते.

मुलगी अजून छापा घेऊन उभी होती. बाहेर रिक्षा आली होती.

"दादा, आज काढू का? तेरावं झालंय. कुलूप लावायच्या आधी उंबरा असा कोरा नको ना दिसायला."

"नको," मी म्हटलं. "कोराच दिसू दे. आत कोणी नाही, ते येणाऱ्याजाणाऱ्याला कळू दे."

तिने मान हलवली आणि छापा मीटरच्या पेटीवर, आई ठेवायची तिथेच, ठेवून दिला.